घरात कोण आसा?

नागेशला हुकूम सोडायची सवय कारखान्यात लागली, की तो ती आईच्या पोटातूनच घेऊन आला, याबद्दल त्याच्या दोन्ही भावांचं कधी एकमत झालं नाही. केरू म्हणायचा कारखान्यात, परेश म्हणायचा पोटातून. रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात नागेश भट्टीवरचा फोरमन होता. आठवडाभर तो कामगारांना इकडून तिकडे हलवायचा आणि शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, घरी आलेल्या भावांना. तू इथे बस, तू ती चटई ओढ, तुझी झांज अजून खाली ठेव. भाऊ ऐकून घ्यायचे. एक तर तो थोरला होता आणि दुसरं म्हणजे जेवण त्याच्या घरी असायचं.

मधला केरू शारजात बिल्डिंगच्या साइटवर सुतारकाम करायचा आणि कॅम्पात राहायचा. धाकटा परेश दुबईत एका दुकानात नवा नवा चिकटला होता. दोघांबरोबर गावाकडची आणखी दोन-तीन माणसं यायची. कुडाळच्या पुढचं एक लहानसं गाव ते, पण इथल्या वाळूत त्याची माणसं कुठेही उगवायची. शुक्रवारी सकाळी सगळे नागेशच्या फ्लॅटमध्ये जमायचे, काळ्या वाटाण्याच्या सांबाराचा वास जिन्यापर्यंत यायचा, आणि जेवणाआधी भजन व्हायचं.

भजन म्हणजे साधंसुधं नव्हे. केरू बुवा. पेटी त्याच्या पुढ्यात. त्याचा आवाज असा, की कॅम्पातले पठाणसुद्धा तो आंघोळ करत असला की बाहेर रांगेत उभे राहून ऐकायचे, आणि रांग पुढे सरकत नाही म्हणून शिव्याही द्यायचे. पखवाज नागेशचा. परेश आणि बाकीचे कोरसात, झांजा घेऊन. पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक लावल्याशिवाय तो घुमत नाही, म्हणून भजन सुरू व्हायच्या आधी नागेश स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचा, "दर्शना, कणीक!" दर्शना, त्याची बायको, हाताच्या मुठीएवढा गोळा आणून द्यायची आणि परत ओट्याकडे जायची. ती मुंबईत वाढलेली, शाळेत गाण्याच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवलेली. हॉलमध्ये बसून गायला तिला कुणी मनाई केली नव्हती. बस असंही कुणी म्हटलं नव्हतं.

सगळ्यांत शेवटी वडिलांचं पद व्हायचं. त्यांचे वडील गावातले नावाजलेले बुवा. तीन वर्षांपूर्वी गेले. जाताना त्यांनी मागे जमीन फारशी ठेवली नाही, पण स्वतः रचलेलं एक पद ठेवलं. गणपती दारात येऊन उभा आहे आणि विचारतोय, असं ते पद. बुवानं म्हणायचं, "पावणो इलो दारी, घरात कोण आसा?" आणि कोरसानं उत्तर द्यायचं, "आमी आसंव रे देवा, आमी आसंव." बस, एवढंच. पण चौथ्या-पाचव्या आवर्तनाला लय चढली की फ्लॅटच्या खिडक्या थरथरायच्या, आणि खालच्या मजल्यावरचे तय्यबभाई, जे शेजारच्याच गावचे होते, झाडूच्या दांड्यानं छताला ठेका द्यायचे.

ही गोष्ट १९९८ सालची. त्या वर्षी जुलैत आईचा फोन आला. आई, म्हणजे कृष्णाबाई, गावी खालच्या घरी केरूच्या बायकोबरोबर, संपदाबरोबर राहायची. घरात फोन नव्हता. फोन वरच्या घरी, चुलतभाऊ दत्तप्रसादकडे. आई तिथे चढून जायची आणि फोनमध्ये एवढ्या मोठ्यानं बोलायची, की फोन नसता तरी अर्धं बोलणं रास अल खैमापर्यंत पोचलं असतं. त्या दिवशी मात्र ती हळू बोलत होती.

"नागेशा, यंदा तुमच्यातलो कोणच येवचो नाय?"

"नाय गो आये. नवी भट्टी सुरू होता, माका रजा नाय. केरूची बिल्डिंग हातावेगळी करूची आसा. आणि परेशाक वर्सभर सुटी मागूक येणा नाय."

आई म्हणाली, "दत्तू म्हणता, काकी, तू एकटी कितक्या करतलंस? गणपती वरच्या घराकडे न्हेऊया. हय माणसा आसत, भजन होता."

"मगे? तू काय म्हणालंस?"

"मी काय म्हणतलंय? घरच्या माणसांचा भजन झाल्याशिवाय तुझ्या बापाशीन कधी निवेद दाखवूक नाय. आता खालच्या घरात गावपाक कोण आसा, ता माका सांग." आणि मग अगदीच बारीक आवाजात, "एकदा घरातसून गेलेलो देव परत येता काय रे?"

दत्तप्रसाद वाईट माणूस नव्हता. गावच्या शाळेत मास्तर, भला, आईला औषधपाणी आणून देणारा. त्याचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. पण खालच्या घरातला गणपती म्हणजे त्या घरातली मोठी खोली, खोलीतला कोनाडा, वर्षातून एकदा लखलखणारी समई, आणि ते सगळं करताना हातात आभाळ आल्यासारखी वावरणारी आई. देव वर गेला, की आईनं वर्षभर वाट कशाची बघायची?

"आये," नागेश म्हणाला, "भजन होतला. आपल्याच घरात, आपल्याच माणसांचा. मी शबूद देतंय."

शब्द देऊन त्यानं फोन ठेवला आणि मग विचार करायला बसला, कशाच्या जोरावर दिला. ही त्याची जुनी रीत. आधी हुकूम, मग विचार.

दोन दिवसांनी त्याला कॅसेट सुचली. गावी संपदाकडे जुना टेपरेकॉर्डर होता. भजन इथे गाऊन, भरून पाठवायचं आणि चतुर्थीला गणपतीपुढे लावायचं. आवाज घरचाच की! त्यानं वरच्या घरी फोन करून दत्तप्रसादला सांगितलं, तेव्हा तो हसला.

"कॅसेटी काय, बाजारात ढिगानं मिळतात रे नागेश. त्या लावून भजन झालं म्हणायचं, तर बुवांची गरजच काय?" पण मग मास्तरांचा आवाज मऊ झाला. "बरं, यंदाचं बघूया. त्या खोलीत तुमच्या तोंडचं भजन उभं राहिलं, तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही राहिलं, तर पुढच्या वर्षीपासून गणपती वर. काकीलाही सुटका मिळेल."

त्यामुळे ऑगस्टातला तो शुक्रवार उजाडला तेव्हा नागेश भट्टीवर असावा तसा तापलेला होता. तय्यबभाई त्याच दुपारी सुटीवर गावी निघणार होते. कॅसेट त्यांच्याबरोबर जायची होती. पोस्टानं पाठवली, तर गणपती विसर्जन होऊन पुढच्या वर्षीचे आले असते.

नागेशनं नवी कोरी कॅसेट आणली होती. "सहा दिरहमची आसा, म्हणजे जवळजवळ सत्तर रुपये," त्यानं सगळ्यांना ऐकवलं. "तेव्हा खोकूचा नाय, शिंकूचा नाय, खुर्ची सरकवूची नाय."

"श्वास घेतलेलो चलात मा?" परेशनं विचारलं.

पहिल्यांदा एसी बंद केला, कारण त्याची घरघर टेपात येत होती. मग खिडक्या बंद केल्या, कारण रस्ता. ऑगस्टात रास अल खैमात एसी आणि खिडक्या बंद करून बसणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. केरूनं शर्ट काढला. नागेशची आठ वर्षांची वैभवी दारातून डोकावली आणि म्हणाली, "बाबा, इट्स सो हॉट! व्हाय कान्ट वी ओपन समथिंग?" नागेशनं तिला मराठीत गप्प केलं आणि ती इंग्रजीत गप्प झाली.

चाचणीसाठी दोन ओळी भरल्या आणि ऐकल्या. नुसता झांजांचा खणखणाट. केरूचा आवाज भांड्यांच्या दुकानात हरवलेल्या माणसासारखा कुठून तरी येत होता. नागेश पुढे झाला.

"कोरस आत. सगळ्यांनी बेडरूमात जावा. झांजा घेऊन. थयसून म्हणा."

"बेडरूमात?" परेश म्हणाला. "आमी काय बाळंतीण आसंव?"

"आवाज लांबसून इलो पायजे. समाजला? यल्ला, उठा."

माणसं उठली. चार जण, चार झांजा, पलंगावर आणि पलंगाच्या कडेला जागा करून बसले. पुन्हा चाचणी. झांजा अजून जास्त. नागेशनं दार अर्धं लावलं. पुन्हा ऐकलं, तरी त्याचं समाधान होईना. शेवटी त्यानं दार पूर्ण लावून घेतलं.

दर्शना कणकेचा गोळा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अहो, दार एवढं लावू नका. त्यांचं काही ऐकू येणार नाही."

"तुका रेकॉर्डिंगमधला काय कळता?" नागेश म्हणाला. "सांबार बघ."

दर्शनानं गोळा त्याच्या हातावर ठेवला आणि ती सांबार बघायला गेली.

नागेशनं गणपतीच्या फोटोपुढे निरांजन लावलं. हात जोडले. टेपचं बटण दाबलं. आणि भजन सुरू झालं.

आता एक सांगायला हवं. या घरात एक नियम होता, वडिलांच्याही वडिलांपासूनचा. निरांजन लावून सुरू केलेलं भजन मधे मोडायचं नाही. पाऊस गळू दे, साप निघू दे, गजर होईपर्यंत थांबायचं नाही. एकदा म्हणे आजोबांच्या मांडीवर समईतलं तेल सांडलं, तरी ते आवर्तन पुरं करूनच ओरडले. त्यामुळे मधे टेप थांबवून, मागे घेऊन, कसं काय येतंय ते बघावं, हे त्या खोलीत कुणाच्या मनातही आलं नाही. केरू गात होता आणि काय गात होता! घाम पेटीवर ठिबकत होता, डोळे मिटलेले, आणि वडिलांच्या पदाला तर त्यानं असा सूर लावला, की नागेशचा हात क्षणभर चुकतो की काय असं झालं. बेडरूममधून कोरस बेंबीच्या देठापासून उत्तर देत होता. नागेशच्या कानांना तो ऐकू येत होता, बारीकसा, पण येत होता. कान आणि टेप यांच्यात फरक असतो, हे फोरमनच्या ध्यानात आलं नाही.

गजर झाला. बटण खटकन वर आलं. बेडरूमचं दार उघडून चौघं बाहेर आले, तेव्हा ते समुद्रातून आल्यासारखे निथळत होते.

"काय जबरदस्त झाला!" परेश म्हणाला. "माझो तर घसोच बसलो."

नागेशनं कॅसेट मागे घेतली आणि लावली. केरूचा आवाज स्वच्छ, गोड, जवळ. पखवाज घुमत होता. दर्शनाही ओट्याकडून येऊन दारात उभी राहिली. "पावणो इलो दारी," टेपमधला केरू म्हणाला, "घरात कोण आसा?"

आणि मग काहीच नाही. पखवाजाचे बोल, पेटीचा एक सूर, आणि त्यांच्यामागे भिंतीपलीकडे कुणी तरी गुळण्या करतंय असा आवाज. मग पुन्हा केरू. "घरात कोण आसा?" पुन्हा रिकामं.

पाऊण तासाची कॅसेट. त्यातलं प्रत्येक उत्तर बेडरूममध्ये राहिलं होतं. परेशनं हातातली झांज हळूच चटईवर ठेवली. दर्शनानं त्याच्याकडे पाहिलं आणि ती काही बोलली नाही. ती बोलली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

"परत भरूया," नागेश उठला. "आत्ताच्या आत्ता."

त्याच वेळी दारावर थाप पडली. तय्यबभाई इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून उभे होते. खाली गाडी हॉर्न वाजवत होती. "खलास झालं ना काम? द्या लवकर. माझ्यासाठी विमान थांबणार नाय, नागेशभाऊ."

"एक पाऊण तास, तय्यबभाई."

"पाऊण तासात मी शारजा क्रॉस करायला पायजे. शुक्रवारचो ट्रॅफिक तुम्हाला म्हायत आसा."

नागेशनं कॅसेट हातात घट्ट धरली होती. असली कॅसेट पाठवण्यापेक्षा न पाठवलेली बरी. घरात कोण आहे, असं गणपती विचारतोय आणि घरात कुणी नाही, हे दत्तप्रसादला भर आरतीच्या वेळी टेप लावून ऐकवायचं? पण न पाठवून तरी काय करायचं?

केरूनं त्याच्या मुठीतून कॅसेट काढून घेतली आणि तय्यबभाईंच्या हातात ठेवली. "न्हेवा," तो म्हणाला. "माझो आवाज तरी जाऊ दे घराकडे."

त्यानंतर नागेश मूग गिळून बसला. चतुर्थीच्या दिवशी दर्शनानं एकवीस मोदक केले, फोटोपुढे ठेवले, आणि म्हणाली, "आईंना फोन लावा." त्यानं लावला. लागला नाही. गावाकडे पावसानं तारा पडल्या होत्या. त्याला इतकं हायसं वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली. पुढच्या आठवड्यात तारा उभ्या राहिल्या असणार, पण तोवर त्याचीच हिंमत पडली होती. शुक्रवारी तो भावांना कळवायचा की भट्टीवर ओव्हरटाइम आहे, येऊ नका. ओव्हरटाइम नव्हता. तो कारखान्याजवळच्या कॅफेटेरियात चहा पीत बसायचा आणि संध्याकाळी घरी यायचा. पखवाजावर दर्शनानं जुनी चादर टाकून ठेवली. डाव्या बाजूची कणीक वाळून तिला भेगा पडल्या होत्या.

"किती दिवस असं चालणार?" एके दिवशी तिनं विचारलं.

"देव आईच्या घरातून गेला, माझ्यामुळे गेला," नागेश म्हणाला. काही कबूल करायचं असलं, की दर्शनाशी तो तिच्यासारखंच बोलायचा. "तू सांगितलं होतंस. दार लावू नका म्हणून."

"मी पुष्कळ गोष्टी सांगते," दर्शना म्हणाली. पण तिनं त्याच्या ताटात भात वाढताना जरा जास्त वाढला.

सप्टेंबर सरत आला तेव्हा तय्यबभाई परतले. नागेशला त्यांनी काहीच कळवलं नाही. त्यांनी आधी शारजात केरूला फोन केला, मग दुबईत परेशला, आणि शुक्रवारी सकाळी नागेश कॅफेटेरियाला पळ काढायच्या आत सगळी पलटण त्याच्या दारात उभी राहिली. तय्यबभाईंच्या एका हातात कोकमाची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात कॅसेट.

नागेशनं ती ओळखली नाही. त्याची नव्हती ती.

"तुमची तिकडंच ठेवली. आईनं दिली नाय," तय्यबभाई म्हणाले. "ही मी भरली. गणपतीच्या पाचव्या दिवशी मी दरवर्षीसारखो दर्शनाक गेलंय, तर म्हटलं, मी नवा टू-इन-वन घराकडे आणलंय, ता घेऊनच जाऊया. तुमच्या जुन्या टेपावर तुमची कॅसेट, आणि समोर माझो टेप. बसा. ऐका."

"तय्यबभाई, माका म्हायत आसा त्यात काय आसा ता," नागेश म्हणाला.

"तुका काय एक म्हायत नाय. बस."

इतक्या वर्षांत नागेशला त्याच्याच घरात कुणी बस म्हणून सांगितलं नव्हतं. तो बसला.

टेपमधून आधी पाऊस आला. कौलांवरचा, धो धो. मग भांड्यांचा आवाज, कुणा पोराचं रडणं, तय्यबभाईंचं "हां, चालू झाला, करा सुरू." मग घरचा जुना टेप खरखरला आणि त्यातून केरूचा आवाज आला, पातळ, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. इथल्या केरूनं मान खाली घातली.

"पावणो इलो दारी, घरात कोण आसा?"

नागेशनं डोळे मिटून घेतले. ती रिकामी जागा आता येणार होती.

"आमी आसंव रे देवा, आमी आसंव."

म्हातारा, चिरका, पण सुरात पक्का आवाज. एकटाच. नागेशनं डोळे उघडले. परेशनं तोंडावर हात धरला. तिघांपैकी कुणीही तो आवाज गाताना कधी ऐकला नव्हता, पण तिघांनाही तो कुणाचा ते विचारावं लागलं नाही. आई गात होती.

"घरात कोण आसा?" टेपमधला केरू पुन्हा विचारत होता, आणि या वेळी दोन आवाजांनी उत्तर दिलं. दुसरा संपदाचा. केरू चटकन उठला आणि टेपच्या अगदी जवळ जाऊन बसला. मग शेजारणी आल्या, चार, सहा, किती ते कळेना. टाळ्या आल्या. वडिलांची जुनी झांज आली, ती कुणी तरी चुकत वाजवत होतं. पखवाज नागेशचा आणि उत्तर बायकांचं, आणि ते इतकं नेमकं बसत होतं, की जणू दोन्ही एकाच खोलीत चाललं होतं. पाचव्या-सहाव्या आवर्तनाला त्या आवाजांखाली एक जाड, मास्तरी आवाज मिसळला. तो दत्तप्रसादचा होता. त्याला सूर कधीच नव्हता, पण जोर होता.

गजर झाला. टेपमध्ये एकदम गलका उसळला, आणि तो थोडा ओसरल्यावर तय्यबभाईंचा आवाज म्हणाला, "काकी, आता नागेशभाऊक काय सांगूचा आसात ता सांगा. ह्याच्यात बोला."

"हय बोलू?" आईनं विचारलं, आणि मग ती फोनमध्ये बोलायची तशी ओरडली, "नागेशा! ऐकतंस मा रे? बापाशीचा पद मी पन्नास वर्सा ऐकलंय. पण चुलीकडसून. सगळा तोंडपाठ. कधी कोण म्हणूक नाय, कृष्णा, ये, म्हण. बापाशीक तुझ्या सुचूक नाय. तुका सुचला. पयल्या दिसाक कॅसेट लावली, केरू विचारता घरात कोण आसा, आणि पुढे कोणच बोलणा नाय. दत्तू म्हणालो, काकी, कॅसेट बिघडली. मी म्हटलंय, बिघडूक नाय रे मेल्या. माझ्या झिलान बायकांक जागा ठेवल्यान. घरात आमी आसंव, मगे आमीच सांगूक व्हया."

खरखर झाली. मग दत्तप्रसाद बोलला, घसा खाकरून. "नागेश, मी शब्दाला जागतो. पाचही दिवस आमचं वरचं घर खाली भजनाला होतं. गणपती खालच्या घरातच राहील. काकी गातेय तोवर त्याला वर न्यायची कुणाची छाती नाही."

आणि मग पुन्हा आई, लांबून, कुणाला तरी बाजूला सारत, "पुढच्या वर्साक येवक जमला तर येवा. नायतर कॅसेट धाडा. पण अशीच धाडा. आमची जागा ठेवून."

बटण खटकन वर आलं.

तय्यबभाई कोकमाच्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत होते. केरूच्या गालांवरून सरळ पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. परेशनं नाक ओढलं आणि म्हणाला, "सुचला म्हणे तुका."

"मी आईला आज फोन करून खरं काय ते सांगतो," नागेश म्हणाला.

"सांगाल तर खबरदार," दर्शना म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पळी, ओढणी खांद्यावरून मागे खोचलेली. ती मघापासून तिथेच होती. नागेशनं तिच्याकडे पाहिलं. शुक्रवारमागून शुक्रवार तो तिला त्याच दारात बघत आला होता, आणि दर वेळी ती कणीक देऊन वळायची. तिलाही सगळं तोंडपाठ असणार, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. बेडरूमपेक्षा तर ते दार जवळ होतं.

त्यानं पखवाजावरची चादर ओढून काढली. वाळलेली कणीक नखानं खरवडून टाकली. केरूनं विचारायची वाट पाहिली नाही, पेटी पुढ्यात घेतली.

"दर्शना, कणीक," नागेश म्हणाला. या वेळी ओरडला नाही.

तिनं पळी आत ठेवली आणि गोळा आणून त्याच्या हातावर ठेवला. ती वळणार, तोच नागेश पुन्हा फोरमन झाला.

"परेश, सरक. अजून सरक. तय्यबभाई, तुम्ही भिंतीकडे. वैभवी, तूही ये, आईच्या मांडीशी बस. जागा करा."

"बाबा, मी टू?" वैभवीनं विचारलं.

"यू टू," नागेश म्हणाला. "गॅस बंद कर गो दर्शना, आणि बस हय. पुढे. माझ्या शेजारी."

"सांबार..." दर्शना म्हणाली.

"जाऊ दे सांबार."

तिनं गॅस बंद केला, हात ओढणीला पुसले आणि येऊन बसली. नागेशनं कणीक थापली, निरांजन लावलं, पखवाजावर एक थाप दिली. एसी चालूच राहिला, बेडरूमचं दार सताड उघडं राहिलं. केरूनं डोळे मिटले.

"पावणो इलो दारी, घरात कोण आसा?"

पुरुषांनी झांजा उचलल्या, पण तोंड कुणीच उघडलं नाही. सगळे दर्शनाकडे बघत होते.

"आमी आसंव रे देवा," ती म्हणाली, "आमी आसंव."